‘भारतीय वंशाच्या’ एवढेच का?

महोदय,

अमेरिकेच्या माजी उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्याविषयी आपल्याकडे छापून येणाऱ्या मजकुरात त्यांच्या नावामागे बहुधा ‘भारतीय वंशाच्या’ हे विशेषण लागलेले असते, आणि ‘त्यांना भारतीयत्व सोयीपुरते आठवते, एरवी त्या स्वतःला कृष्णवर्णीयच म्हणवतात’ अशी तक्रारही अधूनमधून ऐकू येते. माझी नात अशाच दुहेरी घरातली आहे. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, डोंबिवलीत वाढलेली आणि वडील मेरीलँडमधले आफ्रिकन अमेरिकन. म्हणून या तक्रारीविषयी लिहावेसे वाटले.

हॅरिस यांच्या आई श्यामला गोपालन या तमिळ कुटुंबातल्या कर्करोग-संशोधक, तर वडील डोनाल्ड हॅरिस जमैकात जन्मलेले अर्थतज्ज्ञ. आपण दोन कृष्णवर्णीय मुली वाढवत आहोत याची आईला पुरेपूर जाणीव होती, असे हॅरिस यांनी आत्मकथनात लिहिले आहे. पदवीसाठीही त्यांनी वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ निवडले, जे कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे जुने केंद्र आहे. तेव्हा त्या राजकारणाच्या आसपासही नव्हत्या. असे असूनही ३१ जुलै २०२४ रोजी शिकागो येथे, तेही कृष्णवर्णीय पत्रकारांच्या अधिवेशनात, डोनाल्ड ट्रम्प यांनी त्या आधी भारतीय होत्या आणि मग एकाएकी कृष्णवर्णीय झाल्या, अशा अर्थाचे विधान केले. ते ऐकून आपल्याकडे अनेकांना हसू आले. परंतु आपली तक्रार त्याहून फारशी वेगळी आहे, असे मला वाटत नाही. माणसाचा खरा वंश एकच, दुसरा म्हणजे पांघरलेली शाल, हेच दोन्हींत गृहीत धरलेले आहे.

कोणाला काय म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार अमेरिकेत फार काळ पाहणाऱ्याकडेच होता. १९५० सालच्या जनगणनेपर्यंत दारात आलेला प्रगणकच समोरच्याचा वंश ठरवून लिहून घेई. एकाहून अधिक रकान्यांत खूण करण्याची मुभा २००० साली मिळाली, तेव्हा हॅरिस पस्तीस वर्षांच्या होत्या. ती मुभा असूनही २०१० साली बराक ओबामा यांनी एकाच, कृष्णवर्णीयांच्या रकान्यात खूण केली. २०२० च्या जनगणनेत मात्र सुमारे ३ कोटी ३८ लाख लोकांची नोंद एकाहून अधिक वंशांत झाली. (यातली बरीच वाढ प्रश्नांची मांडणी आणि उत्तरे वर्गवार लावण्याची पद्धत बदलल्यामुळेही आहे.) आपल्यापुरती गंमत अशी, की १९७० च्या जनगणनेत तिथल्या भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली होती आणि १९८० साली त्यांना ‘एशियन इंडियन’ हा स्वतंत्र रकाना मिळाला. त्या दहा वर्षांत कोणाच्याही कातडीचा रंग बदलला नव्हता, आणि तुम्ही एकाएकी आशियाई कसे झालात, असे कोणी विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

नात गेल्या वर्षी सुट्टीत इकडे आली होती. आमच्या इमारतीतल्या बायका प्रेमळ आहेत, तिला लाडू-चकल्या घेऊन येत. पण प्रत्येकीने तिच्या केसांना हात लावून पाहिला आणि नाक आजीचे, रंग बापाचा, अशी वाटणी माझ्यासमोरच केली. ‘तू नक्की कोण गं?’ असे एकीने विचारल्यावर ती मराठीत म्हणाली, ‘दोन्ही.’ त्यावर लगेच पुढचा प्रश्न आला, ‘हो, पण जास्त कोण?’ नऊ वर्षांच्या मुलीने याचे काय उत्तर द्यावे? नंतर तिने मला सांगितले, की तिकडे शाळेतही हेच विचारतात. फक्त तिथे तिच्या आईवर विश्वास बसत नाही आणि इथे बाबांवर.

उद्या ती मोठी होऊन स्वतःला केवळ कृष्णवर्णीय म्हणवू लागली, तर मला क्षणभर वाईट वाटेल, हे नाकारत नाही. पण रस्त्यावरचा पोलीस किंवा दुकानातला रखवालदार तिच्याकडे ज्या नजरेने पाहील, ती नजर माझ्या वाट्याला कधी आलेली नाही, याचीही मला जाणीव आहे.

आपल्या दैनिकाला एवढीच विनंती, की हॅरिस यांच्या किंवा अशा कोणाच्याही वंशाचा उल्लेख बातमीत खरोखर आवश्यक असेल, तर वडिलांना वगळू नये. ‘भारतीय आणि जमैकन वंशाच्या’ असे लिहायला मथळ्यात दोनच शब्द जास्त लागतात.

– एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)