फाइलचे नुसते नाव नको, पत्ताही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या संगणकाविषयीच्या सल्ल्यांत ‘अमुक नावाची फाइल दिसली तर ताबडतोब काढून टाका’ अशा याद्या वारंवार छापून येतात. हेतू चांगला असतो, पण नावावरून फाइलची ओळख पटत नाही, आणि अशा यादीपायी विंडोजच्याच फायलींवर गदा येते. हे पूर्वी घडलेले आहे. २००१ साली ‘एसयूएलएफएनबीके डॉट ईएक्सई’ हा व्हायरस आहे, अशी ईमेल जगभर फिरली. प्रत्यक्षात ती विंडोज ९८ मध्ये फायलींची लांब नावे पूर्ववत करण्यासाठी दिलेली सोय होती. २००२ मध्ये ‘जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई’ची पाळी आली. तिच्यावर टेडी अस्वलाचे चित्र होते, त्यामुळे संशय आणखीच बळावला. लोकांनी शोध घेतला, फाइल सापडली, आणि सापडली म्हणजे ईमेल खरी असे समजून ती उडवली. विंडोजबरोबरच आलेली फाइल सापडणारच!

म्हणून पहिला प्रश्न ‘नाव काय?’ हा नाही, ‘राहते कुठे?’ हा आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’मध्ये त्या नावावर राइट क्लिक करा आणि ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. ‘एसव्हीसीहोस्ट’ ही विंडोजची फाइल सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातील सिस्टम३२ मध्ये असेल तर ती जागच्या जागी आहे. ३२ बिटची प्रत सिसवॉव६४ मध्ये असते, तीही खरीच. फोल्डर आणि टास्कबार दाखवणारी ‘एक्सप्लोरर’ मात्र थेट विंडोज फोल्डरात राहते. ती सिस्टम३२ मधून चालताना दिसली तर शंका घ्यावी. तात्पुरत्या फायलींच्या टेम्प किंवा प्रोग्रॅम आपली माहिती ठेवतात त्या अ‍ॅपडेटा फोल्डरात चांगले प्रोग्रॅमही असतात, पण तिथे विंडोजच्या फाइलचे नाव धारण केलेली फाइल चालत असेल तर ती बहुधा तोतयाच.

एसव्हीसीहोस्ट डझनांनी दिसते म्हणून घाबरणारे पुष्कळ. विंडोजच्या निरनिराळ्या सेवा तिच्यामार्फत चालतात, आणि विंडोज १० च्या २०१७ मधील क्रिएटर्स अपडेटपासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या संगणकावर बहुतेक सेवांना स्वतंत्र प्रत मिळते. संख्या हा पुरावा नव्हे. अक्षरांची फसवणूक मात्र खरी. एसव्हीसीहोस्टमधल्या व्ही आणि सीची अदलाबदल घाईत ध्यानात येत नाही. लॉगिन आणि पासवर्ड तपासणाऱ्या ‘एलसॅस’च्या सुरुवातीला लहान एलऐवजी मोठा आय घातला तर पडद्यावर फरक जवळजवळ दिसतच नाही. अशा वेळी टास्क मॅनेजरमधली यादी नावानुसार लावा. तोतया फाइल एलच्या रांगेत न येता आयच्या रांगेत जाऊन बसते.

पुढची पायरी स्वाक्षरीची, म्हणजे फाइल कोणी बनवली आणि नंतर तिच्यात बदल झालेला नाही हे सांगणाऱ्या डिजिटल शिक्क्याची. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ पाहा. इथे एक मोठा गैरसमज आहे. विंडोजच्या कित्येक अस्सल फायलींना हे पान नसते, कारण त्यांची स्वाक्षरी फाइलमध्ये नसून वेगळ्या कॅटलॉगमध्ये नोंदलेली असते. पॉवरशेलमधील (विंडोजला लिखित आज्ञा देण्याच्या खिडकीतील) ‘गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर’ ही आज्ञा विंडोज १० आणि ११ वर तो कॅटलॉगही तपासते. तरीही उलगडा झाला नाही तर विंडोजमधल्याच ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने फाइलचा शा-२५६ हॅश, म्हणजे ६४ चिन्हांचा ठसा काढावा आणि तो व्हायरसटोटल या फायली तपासणाऱ्या संकेतस्थळावर शोधावा. फाइल अपलोड करू नये. तिच्यात खाजगी मजकूर असला तर तो इतरांच्या हाती पडू शकतो. हॅशमधून मजकूर बाहेर जात नाही.

फाइल काढताना ‘परवानगी नाही’ असा संदेश आला म्हणजे व्हायरस प्रतिकार करतो आहे, असे नव्हे. विंडोजच्या बहुतेक फायलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्याच अंतर्गत खात्याकडे असते आणि ती हिसकावून घेण्यातच खरा धोका आहे. पेजफाइल (रॅमला पूरक जागा) आणि हायबरफिल (संगणक हायबरनेट करताना रॅममधली माहिती साठवणारी) या फायली कित्येक जीबींच्या असतात, पण त्याही विंडोजच्याच.

फाइल खरोखर संशयास्पद निघाली तरी हाताने डिलीट करू नये. तिला पुन्हा जागवणारी नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) किंवा टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या सोयीत) उरते, आणि तपासायला पुरावाही राहत नाही. इंटरनेट तोडा, विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन चालवा, फाइल क्वारंटाइनमध्ये (वेगळ्या बंदिस्त जागी) जाऊ द्या. विंडोजची फाइल आधीच उडवली असेल तर कोणत्याही संकेतस्थळावरून सुटी डीएलएल (प्रोग्रॅमांना लागणारी सहायक फाइल) आणून चिकटवू नका. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर ‘एसएफसी’, एक स्पेस, तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘स्कॅननाऊ’ ही आज्ञा द्या. विंडोज स्वतःच्या साठ्यातली मूळ प्रत परत बसवते. तो साठाच बिघडला असेल तर आधी विंडोजचा साठा दुरुस्त करणारी ‘डिझम’ची ‘रिस्टोअरहेल्थ’ ही आज्ञा चालवावी लागते.

आपणांस कळकळीची विनंती एवढीच, की अशी यादी पुन्हा छापाल तेव्हा प्रत्येक नावाशेजारी दोन रकाने ठेवा: अस्सल फाइल कोणत्या फोल्डरात असते, आणि तिच्यावर स्वाक्षरी कोणाची असते.

आपला,
एक वाचक