काजूच्या बागेत जाताय, गोचीड बघा

संपादक साहेब,
काजूचा हंगाम आला की आमच्या दोडामार्ग भागात माणसं सकाळपासून बागेत असतात आणि गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाची भीती पण नेमकी तेव्हाच. हा आजार १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला, २०१६ ला इथे साथ आली, तरी अजून बरेच जण बाह्या दुमडून, अनवाणी पाचोळ्यात बसतात. चावते ती बहुतेक पिल्लू गोचीड, तिळापेक्षा बारीक, चिकटली तरी कळत नाही. म्हणून घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करा आणि गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली, पोरांच्या कानामागे नीट बघा. सापडली तर रॉकेल, विडीचा चटका असलं काही प्लीज नको, चिमट्याने कातडीला लागून धरायची, सरळ हळू वर ओढायची, चिरडायची नाही, मग जागा साबणाने धुवायची. आठवडाभरात ताप, डोकेदुखी आली तर डॉक्टरांना बागेत गेलो होतो हे आधी सांगा. आणि गोचीड लांब ठेवणारं, अंगाला लावायचं तेल हंगामाच्या आधीच वाडीवाडीत मिळायला हवं, मेलेलं माकड, म्हणजे आजार आल्याची खूण, दिसल्यावर धावपळ करून काय उपयोग!

– एक वाचक, दोडामार्ग