उत्तर देता येईल असा आरोप

बर्मिंगहॅम

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. त्या पोराची तडीपारी अपिलातही कायम झाली हे वाचून वाईट वाटलं. ‘गोपनीय साक्षीदार अ’ आणि ‘गोपनीय साक्षीदार ब’. दोघांच्या जबाबात ना तारीख, ना जागा, शब्द मात्र तेच. आणि तेवढ्यावर माणूस दोन वर्षं जिल्ह्याबाहेर. इंग्लंडात असलं काही असतं का, असं तू विचारलंस. असतं. उपद्रवी पोरांसाठी काढलेला मार्ग पुढे दहशतवादाच्या संशयितांपर्यंत पोचला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1998 च्या क्राइम अँड डिसऑर्डर अ‍ॅक्टने इथे अँटिसोशल बिहेवियर ऑर्डर आणली. लोक तिला ‘आस्बो’ म्हणायचे. पोलिसांनी किंवा कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, की अमक्याच्या वागण्याने लोकांना त्रास होतो, भीती वाटते. 10 वर्षांच्या मुलावरही अर्ज चाले. आदेश किमान 2 वर्षांचा आणि दिवाणी स्वरूपाचा. पण तो मोडला तर फौजदारी गुन्हा, 5 वर्षांपर्यंत कैद. मूळ प्रकरण दिवाणी असल्यामुळे ऐकीव पुरावा चाले. शेजारीण कोर्टात यायची नाही. तिने कौन्सिलच्या माणसाला जे सांगितलं ते तोच येऊन सांगायचा. तुझ्या ‘अ’ आणि ‘ब’ची आठवण होते ना?

पण ही सोय का केली तेही समजून घे. मी भाड्याच्या घरांच्या कामात आहे, तक्रारी ऐकणं हा माझा रोजचा उद्योग. संध्याकाळी पाचला पडदे ओढून दिवा न लावता बसणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. टपालाच्या फटीतून आत काय काय टाकलं जातं ते लिहवत नाही. लेस्टरशरमध्ये 2007 साली वर्षानुवर्षं टोळक्याचा छळ सोसलेल्या एका आईने आपल्या अपंग मुलीसह स्वतःला संपवलं. चौकशीत ज्यूरीने पोलिसांच्या आणि स्थानिक प्रशासनाच्या हलगर्जीकडेही बोट दाखवलं. तेव्हा ‘पोरंच आहेत, करतात मस्ती’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. साक्षीदार घाबरतो हे खोटं नाही. तुमच्याकडे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 56 मध्ये हेच कारण लिहिलंय: भीतीमुळे साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत.

2002 मध्ये मँचेस्टरच्या तीन भावंडांचं प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं. न्यायाधीशांनी कार्यवाही दिवाणीच ठरवली, ऐकीव पुरावाही मान्य केला. पण परिणाम इतके गंभीर आहेत, तेव्हा त्रास दिल्याची खात्री फौजदारी खटल्याइतकीच पटली पाहिजे, असं बजावलं. तो निकाल मला आजही मोठा वाटतो. घाबरलेल्या शेजाऱ्याला आडोसा मिळाला आणि पोरांनाही नुसत्या कुजबुजीपासून संरक्षण मिळालं.

तरी आदेशातल्या अटी कुठल्या कुठे गेल्या. वारंवार जीव द्यायला जाणाऱ्या एका बाईला 2005 मध्ये नदी, पूल आणि रेल्वेमार्गाजवळ जायला मनाई झाली. मोडली तर तुरुंग! तिला उपचार हवे होते. शेजारच्याने केलं तर गुन्हा नाही, याने केलं तर कैद, असा एका माणसापुरता फौजदारी कायदाच तयार व्हायचा. 2013 च्या अखेरीपर्यंत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 24 हजार आस्बो निघाल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक मोडल्या गेल्या.

आता दहशतवादाकडे येतो. 11 सप्टेंबर 2001 नंतर इथल्या सरकारने घाईघाईने कायदा केला. ज्या परदेशी माणसावर संशय आहे, पण मायदेशी छळ होईल म्हणून ज्याला परत पाठवता येत नाही, त्याला खटल्याविना, मुदतीविना डांबायचं. लंडनच्या बेलमार्श तुरुंगात अशी माणसं होती. 16 डिसेंबर 2004 ला लॉर्ड्सच्या नऊ न्यायाधीशांपैकी आठांनी ही तरतूद मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. त्यातला एक मुद्दा साधा होता: ब्रिटिश नागरिकांमध्येही संशयित आहेत आणि ते मोकळे आहेत, मग धोका पासपोर्टवरून कसा ठरवता?

त्यावर मार्च 2005 मध्ये कंट्रोल ऑर्डर आली, आणि तिचा सांगाडा आस्बोचाच होता. आरोपपत्र नाही, खटला नाही, नुसत्या अटी. पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा, ठरलेले तास घरात, भेटायला येणाऱ्यालाही आधी मंजुरी, इंटरनेट बंद. अट मोडली तर 5 वर्षांपर्यंत कैद. काहींना रोज 18 तास घरात ठेवलं होतं. 2007 मध्ये लॉर्ड्सनी सांगितलं की याला अट म्हणत नाहीत, ही स्थानबद्धताच आहे.

सगळ्यात वाईट भाग पुराव्याचा. आस्बोत साक्षीदाराचं नाव झाकत, इथे आरोपच झाकला. गुप्त कागद पाहायला खास वकील नेमायचा, आणि कागद पाहिल्यावर परवानगीशिवाय त्याने त्या माणसाशी बोलायचं नाही. दत्ता, तू जन्मभर उलटतपासणी करत आलास. ‘अमुक दिवशी तू कुठे होतास?’ एवढंही ज्याला विचारता येत नाही त्याची बाजू कशी मांडशील? 2009 मध्ये आधी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने आणि मग लॉर्ड्सनी हे थांबवलं: आपल्या वकिलाला नीट माहिती देता येईल इतपत तरी आरोप त्या माणसाला कळलाच पाहिजे. त्यानंतर सरकारने काही आदेश मागे घेतले. माहिती उघड करण्यापेक्षा तेच बरं वाटलं. एकूण 52 जणांवर हे आदेश झाले, त्यांतले सात पळून गेले. ज्यांच्या धोक्यासाठी एवढा खटाटोप, त्यांतलेच काही हातून निसटले.

संशयावर चालणारे अधिकार किती पसरतात पाहा. दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम 44 खाली पोलीस वाजवी संशयाशिवाय कुणालाही थांबवून झडती घेऊ शकत. 2009-10 मध्ये अशा एक लाखाहून अधिक झडत्या झाल्या; दहशतवादाच्या गुन्ह्यात त्यांतून एकही अटक झाली नाही. हे कलम आता गेलं.

आस्बोही गेली. 2014 च्या कायद्याने तिच्या जागी मनाई हुकूम आणले, मोडल्यास न्यायालयाचा अवमान. पण 2023 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने या हुकुमांना दिवाणी दर्जाचा पुरावा, म्हणजे आरोप खरा असण्याची शक्यता अधिक एवढंच, पुरे म्हटलं. कायद्याच्या शब्दांप्रमाणे ते बरोबर असेल, मला मात्र 2002 ची कसोटी हवी होती. आणि 2025 च्या विधेयकात ‘रिस्पेक्ट ऑर्डर’ आली, तिचा भंग पुन्हा फौजदारी. कंट्रोल ऑर्डरच्या जागी 2011 मध्ये आलेल्या उपायांची मुदत तेव्हा 2 वर्षं होती, 2021 पासून ती 5 पर्यंत वाढली.

तू म्हणशील, बॉम्ब ठेवणाऱ्याला कसली उलटतपासणी? मग मुंबईचाच खटला घे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात पकडलेल्या कसाबला वकील मिळाला, साक्षी झाल्या, सुप्रीम कोर्टापर्यंत अपील झालं आणि 2012 मध्ये फाशी झाली. पण त्याच खटल्यातले दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी सुटले, आणि ती सुटका सुप्रीम कोर्टातही टिकली. पुरावा उघडपणे तपासला गेला म्हणूनच त्या तिघांमधला फरक कळला. गुप्त कागदावर तिघेही सारखेच दिसले असते.

म्हणून तुझ्या प्रकरणात मी साक्षीदारांची नावं मागण्यावर जोर देणार नाही. त्यांची भीती खरी असू शकते. नोटिशीवर जोर दे. कलम 59 प्रमाणे आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप त्याला कळवायला हवं होतं. ‘परिसरात दहशत माजवली’ याला कुणी काय उत्तर देणार? कुठल्या महिन्यात, कुठल्या चौकात, काय केलं, एवढं सांगितलं तरी पोरगा आपल्या त्या दिवसाचा हिशेब देऊ शकेल. शिवाय 2022 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका तडीपारीवर सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की हा असाधारण उपाय आहे, क्वचितच वापरावा. तो निकाल हायकोर्टातल्या रिट याचिकेत जरूर घाल.

नोटिशीची प्रत स्कॅन करून पाठव. आणि ‘अ’ आणि ‘ब’चे इन कॅमेरा, म्हणजे गुप्तपणे घेतलेले, जबाब वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतः पडताळल्याची नोंद फाइलमध्ये आहे का, तेवढं आधी बघ.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश