बंड्याला, बागानवाल्याकडून

प्रिय बंड्या,

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. दिवाळीला तुझा एवढा मोठा मेसेज आला, मी त्यावर नुसता अंगठा टाकला आणि गप्प बसलो, माहितीये मला. तब्येत ठीक, शुगर आहे तशीच, हिची पाठ अधूनमधून धरते. झालं तब्येतीचं. आता मुद्द्यावर येतो, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून काही उपयोग नाही. घरी विषय काढला तर ही म्हणाली, कलकत्ता सोडून जमाना झाला, अजून तेच दळण?

इथे मोहन बागान या कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबच्या चाहत्या पोरांचा एक ग्रुप आहे, मॅच असली की एकत्र बसून बघतात, मीही अधूनमधून जातो. २९ जुलैला त्यांचा कार्यक्रम आहे, १९११ ला क्लबने आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली तो दिवस म्हणून. मला अर्धा तास क्लबच्या इतिहासावर बोलायला सांगितलंय. का, तर कलकत्त्याच्या साॅल्ट लेक स्टेडियमच्या गॅलरीत घाम गाळलेला त्यांच्यात मी एकटाच म्हातारा. मी लगेच हो म्हटलं, वही काढली, चष्मा पुसला आणि तेवढ्यात पोस्टर करणाऱ्या पोराचा मेसेज: "काका, १९११ मस्त रंगवा आणि मग डायरेक्ट २०२३ वर या. मधलं फार नको. आणि २०२० तर अजिबातच नको, उगाच निगेटिव्ह होतं."

डायरेक्ट! ११२ वर्षं! अरे विरार फास्टसुद्धा इतकी स्टेशनं सोडत नाही.

१९११ रंगवायला मला काय रे, झोपेत सांगेन. समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, पायात बूट, आपल्यातल्या दहा जणांचे पाय उघडे, बूट फक्त सुधीर चॅटर्जीच्या पायात. जॅक्सनने आधी गोल मारला, मग शिवदास भादुरीने फेडला आणि शेवटी अभिलाष घोषने २-१ केलं. मागे उभ्या लोकांना काही दिसेना म्हणून स्कोअर लिहून पतंग उडवले होते, हे ऐकून पोरं खूश होणार. तू मात्र लगेच म्हणशील, त्या अकरांतले बरेचसे मूळचे पूर्व बंगालचेच, म्हणजे आमचेच. म्हण. तुझा ईस्ट बंगाल क्लब निघाला १९२० ला, तोपर्यंत तुमचे लोक आमच्याकडेच खेळायचे ना? मग आभार मान.

पण बंड्या, खरी गोष्ट त्यानंतरची आहे आणि ती कुठल्याच पोस्टरवर नसते. शील्ड जिंकली १९११ ला आणि कलकत्ता लीग पहिल्यांदा कधी, तर १९३९ ला. मधली २८ वर्षं काय, तर कोरडी! त्यात १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षं मोहमेडन स्पोर्टिंगने लीग नेली आणि आपले लोक बघत बसले. दुसरी शील्ड यायला १९४७ उजाडलं, ती फायनलला तुम्हालाच १-० हरवून आली, हे आपलं जाता जाता. मला पोरांना हेच सांगायचंय की रे. १९११ नंतर ज्या माणसाने पोराला खांद्यावर बसवून मॅच दाखवली असेल, तो पोरगा बाप झाला तेव्हा लीग आली. आणि तरी क्लब टिकला, कसा टिकला? कप नसताना वर्गणी भरणारे लोक होते म्हणून. आता हे "मधलं फार नको" मधे जातं.

आणि आमचा फुटबॉलर चुनी गोस्वामी? तोही मधलाच. सगळं आयुष्य एकाच क्लबात काढलं, १९६२ च्या एशियन गेम्सचं गोल्ड आणणाऱ्या टीमचा कॅप्टन, आणि हाच माणूस १९७१-७२ ला बंगालचा कॅप्टन म्हणून रणजी फायनल खेळायला ब्रेबॉर्नवर आला, आपल्या मुंबईविरुद्ध! (हरला, हे सांगताना तू मेसमधे किती वेळा टाळ्या पिटल्यास.) १९६६ ला इंदूरला सोबर्सच्या वेस्ट इंडिजच्या आठ विकेट काढल्या होत्या त्याने. पोरांना वाटतं मोहन बागान म्हणजे अकरा जण आणि एक ॲप. क्रिकेट, हॉकी, ॲथलेटिक्स, हे सगळं त्याच मैदानावरच्या तंबूतून, म्हणजे क्लबच्या ऑफिसातून, चालायचं. हॉकी तर मधे कितीतरी वर्षं बंद होती, परत सुरू केली. यातलं एकही वाक्य त्या पोराच्या "मस्त रंगवा" मधे बसत नाही.

बरं, मधलं सांगायचं तर १९७५ पण सांगावं लागतं. शील्ड फायनल, तुम्ही आम्हाला ५-० हरवलंत. लिहितानाच मला तुझं तोंड दिसलं. सांगणार आहे, घाबरू नकोस, पण त्यालाच लागून १९७७ चं पेले प्रकरण सांगणार, ईडन गार्डन्सला त्याच्या न्यूयॉर्क कॉसमॉस टीमशी आमची २-२. आणि १३ जुलै १९९७? ते सांगू का नको, हे तूच ठरव. फेडरेशन कपची आपल्या दोघांची सेमीफायनल, एक लाख तीस हजारांवर लोक. आमचे कोच अमल दत्तांची ती डायमंड सिस्टीम, मॅचच्या आधी आठवडाभर पेपरात नुसती बडबड, तुमच्या ओमोलोला ऑम्लेट काय नि सोसोला काकडी काय म्हणाले, आणि मैदानात तुमच्या भुतियाने तीन मारले. ४-१ हरलो. दुसऱ्या दिवशी तू मिरवत इलिश (हिल्सा मासा) आणलास, पैसे माझ्याकडून घेतलेस, मेसची मासीमा विळीवर बसून तुकडे करत होती आणि तू तिला सांगून मला शेपटीचा तुकडा वाढायला लावलास, केसासारखे काटे असलेला. अर्धा तास मी काटे काढत होतो आणि तू समोर बसून परत परत तिसरा गोल सांगत होतास. तो ऑफसाइड होता असं मी अजूनही म्हणणार. पुरावा नाही, पण म्हणणार.

आता २०२०. इथेच माझं घोडं अडलंय. तुला आठवतं, १९९८ ला दारूवाल्या कंपनीने आपल्या दोघांच्याही क्लबात पैसे घातले तेव्हा आपण हसलो होतो, मोहन बागानच्या आधी मॅकडॉवेल आणि तुमच्या आधी किंगफिशर, म्हणजे भांडण बाहेर आणि बाटल्या एकाच कपाटात. तेव्हा गंमत वाटली. पण २०२० ला फुटबॉलच्या कंपनीत ८० टक्के उद्योगपती गोएंकांचे आणि क्लबचे २० राहिले, आणि नाव काय, तर एटीके मोहन बागान. एटीके रे, गोएंकांचा दुसरा क्लब! जो क्लब २०१४ ला जन्मला तो आमच्या आडनावाच्या जागी नाही, नावाच्याही आधी. आणि हे ठरलं कधी, तर कोच किबू व्हिकुनाची आमची टीम आय-लीगमधे सगळ्यांना धूत होती तेव्हा. मार्चमधे ऐझॉलला हरवून लीग जिंकली, चार दिवसांत कोरोनाने सगळं बंद, आणि पुढच्या सीझनला टीमचं नावच बदललेलं. पोरांनी रस्त्यावर उतरून, स्टेडियममधे बॅनर लावून तीन वर्षं "एटीके काढा" केलं, शेवटी २०२३ ला आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) कप जिंकला त्या रात्री नाव काढायची घोषणा झाली. आता सुपर जायंट मागे लागलंय, पण निदान मागे.

म्हणजे बघ, २०२३ चा जो कप त्या पोराला हवाय तो २०२० शिवाय सांगताच येत नाही. त्या रात्री लोक रडले ते कपासाठी कमी, नावासाठी जास्त. हे मी त्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "काका, पण जिंकायला लागलो ना?" आणि इथे मी गप्प. कारण लागलो! २०२४ ला आयएसएलची लीग शील्ड (१९११ ची ती वेगळी), २०२५ ला ती शील्ड आणि कप दोन्ही. एवढं तर मी माझ्या ऐन तरुणपणात पाहिलं नाही. २०२५ च्या फायनलला एक्स्ट्रा टाइममधे बंगळुरूला हरवलं तेव्हा मी या वयात सोफ्यावर उभा राहून ओरडलो, ही आतून धावत आली, तिला वाटलं मला काही झालं. मग मी कुठल्या तोंडाने सांगू की क्लब आपला राहिला नाही? आणि सांगितलं नाही तर ती २८ वर्षं वर्गणी भरणारे कोण होते? त्यांच्या मताला तंबूत अजून किंमत आहे, निवडणूक होते, भांडणं होतात, पण स्ट्रायकर कोण घ्यायचा ते तिथे ठरत नाही.

हे तुलाच कळेल कारण तुझंही तेच झालं, फक्त उलटं. तुमच्या क्लबात सिमेंट कंपनीवाले आले आणि आयएसएलमधे तुम्ही नववे, मग अकरा टीममधे अकरावे. तेव्हा तू फोनवर म्हणालेलास, "तुझा विकला गेला आणि जिंकला, माझा विकला गेला आणि बुडाला, सांग जास्त वाईट कोणाचं?" मी तेव्हा हसून फोन ठेवला. उत्तर अजून नाहीये. तुमचा जास्त वाईट असं मला वाटायचं, आता खात्री नाही. तुला शिव्या तरी मोकळेपणाने देता येतात. मला दर वेळी आधी ट्रॉफी बाजूला सारावी लागते.

ठरवलंय असं की १९११ दहा मिनिटांत संपवणार, मग थेट त्या २८ वर्षांवर जाणार, आणि २०२० सांगणारच, माईक काढून घेतला तरी. फक्त शेवट जमत नाहीये. तुला सुचला तर सांग, पण तुमच्या ईस्ट बंगालचा लाल-पिवळा नको.

तुझं काय? आईचा गुडघा झाला ना, चालतात का आता? चिंगीला जर्मनीत अ‍ॅडमिशन मिळाल्याचं मन्याकडून कळलं, तू सांगितलं नाहीस, नोंद केलीय. व्हीआरएस घेतलीस की नुसतीच धमकी? वहिनींना नमस्कार.

२९ ला येऊन जा एक दिवस. शेवटच्या रांगेत बस आणि प्रश्न विचार. ५-० चा विचारलास तर जेवण तुझ्याकडे.

तुझाच,
पक्या

ता.क. मेसच्या गच्चीवरचा तो फोटो तुझ्याकडे असेल तर लगेच पाठव, पोराला पोस्टरवर हवाय. तुझं लाल-पिवळं टी-शर्ट कापणार आहे, आधीच सांगतो.