पोस्टर १९८२चं, सिनेमा २०११चा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘द थिंग’ (१९८२) भाड्याने घेतला असता त्याच नावाचा २०११चा चित्रपट दाखवल्याबद्दल.

महोदय / महोदया,

मी सांगलीत दातांचा दवाखाना चालवतो. तुमच्याकडून ऑनलाइन सिनेमे भाड्याने घेऊन पाहतो त्याला चार वर्षं झाली, आजवर कधी तक्रार केली नाही. या वेळी मात्र तुमच्या ग्राहक सेवेला दोनदा फोन झाला, एक ईमेल झाली आणि तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं : ‘सर, आपण चित्रपट पूर्ण पाहिलेला आहे, त्यामुळे परतावा मिळणार नाही.’ पूर्ण पाहिला, हे खरं आहे. पण पैसे भरले होते ते दुसऱ्याच सिनेमाचे.

झालं असं. मुलीची बारावी आणि पाठोपाठ ‘नीट’ची प्रवेशपरीक्षा आटोपली. परीक्षा संपली की तुला ‘द थिंग’ दाखवतो, असं मी तिला दोन वर्षांपूर्वी कबूल केलं होतं. जॉन कारपेंटरने दिग्दर्शित केलेला, कर्ट रसेल नायक असलेला, १९८२चा. परग्रहावरचा एक प्राणी माणसाचं किंवा कुत्र्याचं हुबेहूब रूप घेऊन तळावर वावरतो, असा तो भयपट. तुमच्या पानावर पोस्टर त्याच सिनेमाचं, वर्ष १९८२, दिग्दर्शक आणि नटांची नावंही त्याचीच. स्क्रीनशॉट जोडला आहे. १४९ रुपये भरले, दिवे मालवले, सिनेमा लावला आणि तेवढ्यात मस्कतहून भावाचा फोन आला. ‘तुम्ही बघायला लागा, मी आलोच,’ म्हणून गॅलरीत गेलो. भावाचा फोन म्हटल्यावर पाऊण तास गेलाच.

परत येतो तर पडद्यावर एक बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली. मी दारातच थबकलो. अहो, त्या सिनेमात बाईच नाही! बारा पुरुष, काही कुत्रे आणि अंटार्क्टिकाचा बर्फ. बाईचा म्हणून आवाज आहे तो फक्त बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटरचा, आणि हरल्यावर नायक त्याच्याही पोटात व्हिस्की ओततो. पडद्यावरची ही बाई म्हणजे मेरी एलिझाबेथ विनस्टेड, आणि सिनेमा म्हणजे मथाइस व्हान हायनिंगन ज्युनियर यांनी २०११ साली काढलेला प्रीक्वेल. गोष्ट आधीची, पण नाव तेच. मागे एखादं शेपूटसुद्धा जोडलेलं नाही. ही चूक सिनेमा काढणाऱ्यांची, हे मान्य. पण वर्ष लिहायला तुमच्या पानावर जागा आहे आणि तिथे तुम्ही १९८२ लिहिलं आहे.

मी ‘बंद कर’ म्हणालो. मुलगी म्हणाली, ‘बाबा, थांबा ना, आत्ता कुठे रंगायला लागलंय.’ तिची मैत्रीणही आलेली होती, तिच्यासमोर काय वाद घालायचा? बसलो. तुमच्या नोंदीतलं ‘पूर्ण पाहिला’ ते हे असं.

दुसऱ्या फोनवर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, ‘सर, पण स्टोरी तर सेमच आहे ना, कंटिन्यूएशन आहे.’ १४९ रुपयांपेक्षा मला हे वाक्य जास्त लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९८२चा सिनेमा सुरू होतो तेव्हा बर्फावरून एक कुत्रा धावतोय आणि मागे लागलेल्या नॉर्वेजियन हेलिकॉप्टरमधून त्याच्यावर गोळ्या झाडल्या जातायत. गोळ्या झाडणारा माणूस अमेरिकन तळावर उतरून आपल्या भाषेत जीव तोडून ओरडतो. तिथल्या कोणाला ते कळत नाही आणि आपल्यालाही कळू नये म्हणून सबटायटल दिलेली नाहीत. अमेरिकन त्यालाच गोळी घालतात आणि कुत्र्याला आत घेतात. आपणही कुत्र्याच्याच बाजूचे असतो. मग नायक मॅकरेडी आणि डॉक्टर नॉर्वेजियन तळ बघायला जातात. सगळं जळून गेलेलं. दारात रुतलेली कुऱ्हाड. मनगटं कापून घेऊन खुर्चीतच गोठलेला माणूस. आतून पोकळ झालेली बर्फाची मोठी लादी. बाहेर, अर्धवट जळालेलं, दोन तोंडांचं काहीतरी. इथे काय घडलं हे कारपेंटर सांगत नाही. पुढचा अख्खा सिनेमा आपण ते मनात रचत बसतो, आणि भीती असते ती तिथे.

२०११चा सिनेमा म्हणजे या सगळ्याचं उत्तर. मेहनत इमानेइतबारे केली आहे, ते नाकारत नाही. कुऱ्हाड जागच्या जागी आहे, खुर्चीतला माणूस आहे, दोन तोंडं एक कशी झाली तेही दाखवलं आहे. शेवटी नावं चालू असताना कुत्रा पळतो, हेलिकॉप्टर निघतं आणि जुन्या सिनेमाचा संगीतकार एन्नियो मोरिकोने याची धून वाजते, तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. पण एकूण सगळं फॉर्म भरल्यासारखं. हे इथे कसं आलं, ते तिथे कसं गेलं. त्यातही एक रकाना चुकलाच : जुन्या सिनेमातल्या व्हिडिओ टेपमध्ये नॉर्वेजियन लोक बर्फावर गोल उभे राहून खाली गाडलेल्या, त्या प्राण्याच्या यानाचा आकार मोजतात आणि सुरुंग लावतात. इथे यान सापडतं ते बर्फाच्या भेगेत गाडी कोसळल्यावर.

एका गोष्टीला मात्र मी पूर्ण मार्क देतो, आणि त्यात धंद्याचा पक्षपात आहे. हा प्राणी गिळलेल्या माणसाची हुबेहूब नक्कल करतो, पण निर्जीव वस्तूची नक्कल त्याला जमत नाही. बाईंना न्हाणीघरात रक्ताने माखलेले, दातांत भरलेल्या चांदीचे तुकडे सापडतात आणि तिथे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडतो. रक्ततपासणीची सोय कोणीतरी जाळून टाकलेली असते. मग टॉर्च घेऊन त्या एकेकाला तोंड उघडायला लावतात. दातात चांदी दिसली तर माणूस. नाही दिसली तर संशयित. म्हणजे रोज नीट दात घासणारे सगळे संशयित! तीस वर्षं मी लोकांना हेच ‘आ करा’ म्हणतोय, पण इतकी शांतता माझ्या खोलीत कधी पसरली नाही. (आज ही परीक्षा घेणं अवघड आहे. हल्ली दाताच्याच रंगाचं भरतात. टॉर्चच्या उजेडात कधी कधी मीसुद्धा फसतो.)

बाकी राक्षसाचं म्हणाल, तर तिथे तुलनाच नको. १९८२ला रॉब बॉटिन नावाचा जेमतेम बाविशीचा पोरगा रबर, यंत्रं आणि चिकट द्रव घेऊन वर्षभर राबला आणि शेवटी दमून हॉस्पिटलात गेला. डॉक्टर एकाच्या छातीला शॉक देतो, छाती उघडते, तिला दात असतात आणि ते डॉक्टरचे दोन्ही हात तोडतात. त्या दृश्यासाठी खरोखरच हात नसलेल्या माणसाला खोटे हात लावून उभा केला होता. त्या दातांची ठेवण मी अनेकदा थांबवून पाहिली आहे. २०११च्या वेळीही कारागिरांनी असेच पुतळे, अशीच यंत्रं बनवली होती. नंतर त्यातल्या बऱ्याचशा कामावर कॉम्प्युटरचं चित्र चढवण्यात आलं. डोळ्यांना ते लगेच जाणवतं : प्राणी खोलीत नाही, काचेवर आहे. ३ कोटी ८० लाख डॉलर खर्चून तेवढेही परत आले नाहीत. चालला तर १९८२चाही नव्हता म्हणा. त्याच कंपनीचा ‘ई.टी.’ हा गोड परग्रहवासी दोनच आठवडे आधी थिएटरात येऊन बसला होता.

आता माझं नुकसान काय, ते सांगतो. पुढच्या रविवारी मित्राकडून डिस्क आणून मी मुलीला खरा सिनेमा दाखवला. कुत्रा बर्फावरून धावत आला, अमेरिकन माणसाने त्याला जवळ घेतलं, आणि माझी मुलगी ओरडली, ‘अहो, मारा त्या कुत्र्याला!’ पहिल्या दहा मिनिटांत. नॉर्वेजियन तळावर तर तिने हजेरीच घेतली. ‘ही ती कुऱ्हाड. हा तो खुर्चीतला. हे ते दोन तोंडांचं.’ भीती नाही, कुतूहल नाही, फक्त ओळख. माणसं बांधून बसवलेली आणि रक्ताच्या बशीत तापलेली तार बुडवली जातेय, तिथे कुठे तिने पाय वर घेतले. ते तुमच्या सिनेमात नव्हतं ना!

दोन्ही कोणीही पाहावेत, पण क्रमाने. उत्तर आधी वाचलेलं कोडं पुन्हा सोडवता येत नाही आणि ती संधी माझ्या मुलीला आता मिळणार नाही. त्याची भरपाई मी मागत नाही, ती तुम्हाला देताही येणार नाही. मागणी एवढीच आहे : १४९ रुपये परत करा, त्या पानावर असेल तो सिनेमा लावा किंवा लावलेल्या सिनेमाचं पान करा, आणि एकाच नावाचे दोन सिनेमे असतील तिथे शोधयादीतच नावापुढे वर्ष लिहा.

ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. माझ्या ईमेलला आजवर फक्त यंत्राचं उत्तर आलं आहे. या पत्रालाही तसंच आलं तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. रक्कम छोटी आहे याची मला कल्पना आहे. दवाखान्यात दुपारी दोन ते चार मी मोकळा असतो.

आपला,
एक ग्राहक, सांगली

सोबत : पानाचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती.

ता. क. : याच कथेवरचा १९५१चाही एक सिनेमा आहे, ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’. तो कृष्णधवल आहे, त्यातला तळ उत्तर ध्रुवाकडे आहे आणि राक्षस वनस्पतीच्या जातीचा आहे. तुमच्याकडे असेल तर तो कुठल्या पानावर लावलाय, तेवढं आजच बघून घ्या.