कोशाचं पाखरू आणि येनाचं झाड

चि. प्राजक्तास,
अनेक आशीर्वाद.

टसरचं, म्हणजे रानरेशमाचं, पाखरू आणि येनाचं (ऐनाचं) झाड एकमेकांच्या आधारानं जगतात, असं तू लिहिलंस. तसं नाही. आधार लागतो तो पाखराला. येनाला त्याच्याकडून थोडं लेंड्यांचं खत मिळतं, बस. अळी नसली तरी तो जंगलात मजेत वाढतो. अळीला मात्र येन किंवा अर्जुनासारखं झाड हवंच. (गडचिरोलीतल्या आरमोरीकडचे, टसर पाळणारे ढिवर हे दोन्ही सालीवरूनच ओळखतात: येनाची साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी तडकलेली; अर्जुनाची पांढुरकी, गुळगुळीत.)

पाखरू काही खात नाही. आठवडा-दहा दिवस जगतं ते अळी असताना साठवलेल्या चरबीवर. मादी १५० ते २०० अंडी घालते, तीही त्याच बळावर. म्हणून आधी झाड बघ, मग अंडी आण.

अळी चार वेळा कात टाकते. एकूण पाल्यापैकी सुमारे ८० टक्के ती शेवटच्या कातेनंतर खाते, आणि हिशेब चुकतो तो इथंच. सुरुवातीला झाड भरलेलं दिसतं, म्हणून अळ्या जास्त सोडल्या जातात. पुढं फांद्या उघड्या पडतात, उपाशी अळी खाली उतरते आणि मुंग्यांच्या तावडीत सापडते. जगली तरी कोसा, म्हणजे तिनं विणलेला रेशमाचा कोश, पातळ निघतो. थोडा पाला उरला असतानाच अळ्या हलव. हातानं ओढू नकोस, डहाळीसकट कापून ने. डोकं वर करून निश्चल बसली असेल तर ती कात टाकते आहे. तेव्हा हातच लावायचा नाही.

पेब्रिन हा अळीचा रोग आईकडून अंड्यात उतरतो, आणि एकदा शिरला की औषध नाही. मादीचं पोट कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेले अंडीपुंजच घे, स्वस्तातले बिनतपासणीचे नकोत.

येन सोशिक आहे. जाड सालीमुळं वणव्यातून तगतो, खाल्लेला पाला पुन्हा फुटतो. पण त्याच झाडांवर लागोपाठ दोन पिकं घेतली की पान कमी पडतं, आणि दोष अंड्यांवर जातो. काही झाडं दरवेळी मोकळी ठेव.

कोसा देठाच्या कड्यानं डहाळीला बांधलेला असतो. विणून झाल्यावर पाच-सहा दिवस थांब, मग कडं कापून काढ. फांदी मोडू नकोस.

अळ्या सोडायच्या आधी झाडाखालचं गवत काढून ९ भाग चुना आणि १ भाग ब्लीचिंग पावडर भुरभुरून घे.

तुझे बाबा