दळण एवढं पुरतंय कसं?

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर बाबा "बरं बरं, ठेवतो" म्हणतात, आणि आई, तू स्पीकर चालू असला की काही खरं सांगत नाहीस. म्हणून लिहितेय. बाबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचावं, तू ऐकावंस.

गणपतीत तू सहज म्हणालीस, "हल्ली दळण लई पुरतंय. पूर्वी दहा दिवसांत डबा खाली व्हायचा, आता महिना जातोय की." चार पैसे वाचल्यासारखं सांगितलंस, मीही हसले. एस.टी. कराडच्या पुढं आल्यावर माझी ट्यूब पेटली. माणसं तीच दोन, डबा तोच. मग पीठ उरतंय कसं?

मग एकेक आठवत गेलं. बाबा, तुमच्या पट्ट्याला तुम्हीच दाभणानं दोन नवी भोकं पाडलीत. जुन्या भोकाजवळ बकलानं घासून पडलेला पांढरा चट्टा आहे, आणि नवं भोक तिथून चांगलं तीन बोटं आत. खासबागेतनं कुस्त्या बघून आल्यावर पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या मोजू न देणारा माणूस यंदा अर्ध्या भाकरीला ताटावर हात आडवा धरत होता. "पोट गच्च झालं." फायलीत दिवाळीआधीचं वजन ६८ आहे. परवा माझ्या हट्टापायी गिरणीतल्या काट्यावर उभे राहिलात ते ६२. काही न करता सहा-बारा महिन्यांत वजन पाच टक्के उतरलं, तरी कारण शोधायचं असतं. तुमचे पाच टक्के म्हणजे साडेतीन किलोसुद्धा नाहीत, इथं सहा गेलेत.

"वय झालं, भूक कमी होणारच." आई, हे तू म्हणणार. ते अर्धं खरं आहे. जेवायला लागलं की जठराचा वरचा भाग सैलावून अन्नाला जागा करतो. म्हातारपणी तो पूर्वीइतका सैलावत नाही, अन्न पुढंही सावकाश सरकतं, वास-चव मंदावतात. त्यामुळं दोन भाकऱ्यांची दीड झाली तर मी गप्प बसले असते. वर्षभरात दोनाची अर्धी झाली, पट्टा तीन बोटं आत गेला, याला वय म्हणून सोडून द्यायचं नाही.

माझी हॉस्टेलची रूममेट आता डॉक्टर आहे, तिचं दोन तास डोकं खाल्लं. ती म्हणाली, "न बघता मी निदान करणार नाही, पण काय काय विचारायचं ते सांगते." तेच लिहितेय.

आधी साखर. बाबा, तुम्हाला मधुमेह होऊन अठरा वर्षं झाली. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, हे तुम्हाला माहीत आहे. तशीच जठराला हलवणारी नसही दुखावते. मग जठर आळशी होतं. एरवी साधं जेवण चारेक तासांत बहुतेक पुढं जातं, ते तिथंच साचून राहतं. चार घासांत पोट भरतं, तासन्‌तास भरलेलं राहतं, मळमळतं, सकाळी ढेकरेला रात्रीच्या आमटीची चव येते. ही शेवटची गोष्ट तुम्ही स्वतः मला गॅलरीत उभं राहून सांगितलीत, आठवतंय? हसत सांगितलीत, पण डॉक्टरांना ती जशीच्या तशी सांगा.

त्यात संध्याकाळचं गंगावेशीतलं दूध! म्हशीचं, पेलाभर, फेसासकट, ते पण आठ वाजता. स्निग्ध पदार्थानं जठर आणखी सावकाश रिकामं होतं. नऊला पानावर बसलात तर भूक कुठनं येणार? दूध बंद करा म्हणत नाही, कोल्हापुरात राहून तसं म्हणायची माझी हिंमत नाही. चारला प्या, आणि घरी आणून उकळून प्या. कच्च्या दुधातनं येणाऱ्या तापातही भूक मरते.

दुसरी शंका गुडघ्याच्या गोळ्यांची. मेडिकलमधनं चिठ्ठीशिवाय आणता त्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्या रोज घेतल्या की जठराला व्रण पडू शकतो, आणि म्हाताऱ्या माणसाला कधी कधी तो दुखतसुद्धा नाही. नुसती भूक जाते, रक्त कमी होतं, आणि एक दिवस शौचाला डांबरासारखं काळं होतं. तसं झालं तर माझी वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. (आई, तुझ्या लोहाच्या गोळीनंही काळं होतं, म्हणून कोण कुठली गोळी घेतं ते सांगायचं.) व्रणाचं दुसरं मोठं कारण म्हणजे जठरात घर करून राहणारा एक जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरन या दोघांनी तो १९८२ साली शोधला. कुणाला पटेना म्हणून मार्शलनं तो स्वतःच पिऊन आजार ओढवून घेतला. २००५ ला दोघांना नोबेल मिळालं. बाबा, हा माणूस तुम्हाला आवडला असता. तपासणीत तो जंतू निघालाच तर साधारण दोन आठवड्यांच्या औषधानं जातो.

मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीनंही भूक मरू शकते, आणि बरीच वर्षं घेतली तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. पण म्हणून ती आपल्या मनानं बंद करायची नाही. आणि साखरेची दुसरी गोळी घेऊन जेवण टाळलंत, तर साखर धाडकन उतरेल. घाम फुटला, हात थरथरले तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची. गुळाचा खडा शोधत बसू नका.

मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड हे रक्ताच्या तपासणीत कळेल. हृदय थकलं असेल तरी पोट भरल्यासारखं वाटतं, तेव्हा पायाला सूज आहे का तेही दाखवा. आणि जो शब्द आपल्या घरात कुणी उच्चारत नाही, तो मी लिहिते, कॅन्सर. बहुतेकांना तो नसतो. पण या वयात भूक आणि वजन दोन्ही एकदम गेलं की दुर्बिणीनं जठर बघतात, ते एवढ्यासाठीच. आपल्या गल्लीतल्या एका काकांना सहा महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चालल्या होत्या. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही. गोळ्यांनी तात्पुरतं बरं वाटायचं, म्हणून कुणी आत बघितलंच नाही. नळी आत जाऊन बाहेर यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्या दिवशी सकाळी उपाशी जायचं, साखरेच्या गोळीचं काय करायचं ते आधी विचारायचं.

आता आई, तू. सगळं बाबांचंच आहे असं समजून तू निवांत बसली असशील. तुझी नवी कवळी फडताळात कुंकवाच्या डबीशेजारी रुमालात बांधलेली मी बघितली. टोचते ना? म्हणून तू आमटीत भाकरी कुस्करून खातेस आणि भूक नाही म्हणून सांगतेस. हिरडीला लाल वळ उठलाय तुझ्या. कवळी घासून नीट करून मिळते, पुन्हा पैसे पडतील म्हणून गप्प राहू नकोस. दुसरं, तुझं पोट हल्ली फुगलेलं असतं, चार घासांत "बास" म्हणतेस आणि सारखं लघवीला जावं लागतं. याला तू गॅस म्हणतेस. पन्नाशीनंतर बाईला असं नव्यानं सुरू झालं आणि राहिलं, तर ओव्याचं पाणी पीत बसायचं नाही, ओटीपोटाची सोनोग्राफी करायची. अंडाशयाचा आजार सुरुवातीला असाच गॅससारखा भासतो. साधा गॅस निघाला तर तुझ्याच हातचा ओवा आपण दोघी खाऊ.

आणखी एक, हे बाबांसाठी. तुमचे रंकाळ्यावरचे सोबती मार्चमध्ये गेले. तेव्हापासून तुम्ही फिरायला गेला नाहीत, आईनं सांगितलं. माणूस रडत नाही म्हणजे त्याला काही झालं नाही असं नसतं. कधी कधी नुसती अन्नावरची वासना उडते. डॉक्टरांसमोर हेही बोला. नाही जमलं तर मी बोलेन.

तोपर्यंत एवढं करा. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच वेळा थोडं थोडं. जेवणाआधी तांब्याभर पाणी आणि चहा-खारी नको. बाबांना भाकरीऐवजी मऊ भात, मुगाची पातळ आमटी, अंडं, ताजं दही. आई, तुला शेंगदाण्याचं कूट आणि वर चमचाभर तूप. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. आणि आई, तू बाबांबरोबरच पान घेऊन बस, मागनं ओट्याशी उभ्यानं खाऊ नकोस.

मी शनिवारी रात्री येतेय, सोमवारी सकाळची वेळ घेतलीय. घरातली एकूण एक औषधं एका पिशवीत भरून दाराला अडकवून ठेवा. गुडघ्याच्या गोळ्या, लोहाच्या, काढे, चूर्णं, सगळं. बाबा, भुकेच्या टॉनिकची बाटलीपण. त्यात सायप्रोहेप्टाडीन आहे, त्यानं म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, लघवी तुंबते, आणि तुम्हाला प्रोस्टेटचा त्रास आधीच आहे. फ्रिजवर पंचांगाच्या मागं ठेवलीय ती. मला दिसली होती.

तुमची,
धाकटी